कारध्याचे सावजी

भंडाऱ्याहून साकोलीकडे निघालं की शहर संपता संपता वैनगंगा आडवी येते. पूल ओलांडला की कारधा. एस. टी.त डुलक्या घेणाऱ्या प्रवाशाला हे वेगळं गाव आहे याचा पत्तासुद्धा लागत नाही, इतकं ते भंडाऱ्याला लागून आहे. पण पावसाळा आला की याच गावाचं नाव बातम्यांत झळकू लागतं. ‘वैनगंगेची कारधा येथील पातळी इतके इतके मीटर.’ धोक्याची पातळी २४५.५० मीटर. हा आकडा मला बँकेतल्या कुठल्याही व्याजदरापेक्षा अधिक पाठ आहे. नागपूरला राहायला आल्यापासून ऑगस्ट महिन्यात बातम्या लागल्या की मी हातातलं काम ठेवून आधी तो ऐकत असे. नदीच्या त्या काठावर माझ्या ओळखीच्या एका माणसाची खानावळ होती.

ते सावजी गेल्या थंडीत गेले. थोरल्या मुलीचा फोन आला. “साहेब, बाबा गेले जी. रात्री जेवले, हात धुतला अन् खाटेवर बसले, तेवढंच.” मग थोडं थांबून, “तेराव्याले या म्हणत नाही, तुमाले दूर पडन. पण कधी आले तं या.”

त्यांचं नाव मी इथं लिहीत नाही. मुलींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, “ज्याले म्हाईत आहे त्याले म्हाईत आहे.” तसंही इतक्या वर्षांत त्यांना नावानं हाक मारणारं कुणी मला भेटलं नाही. कोष्टी समाजात माणसाला मानानं ‘सावजी’ म्हणतात. नागपुरात इतवारी, महाल, गोळीबार चौक या भागांतल्या विणकरांच्या घरचं जे तिखट जेवण पुढे खानावळींतून विकलं जाऊ लागलं, त्यालाही मग तेच नाव पडलं. आज मुंबई-पुण्याच्या हॉटेलांत ‘सावजी’ नावाखाली नुसता लाल मिरचीचा जाळ ताटात येतो, तो भाग सोडून द्या.

आमचे सावजी मूळचे मोहाडी तालुक्यातले, आंधळगावकडचे. टसरचं कापड विणणारं घर. करवतीच्या दात्यांसारखा काठ असलेली टसरची साडी, जिला आपण करवतकाठी म्हणतो, ती या भागातली. आजा विणकर, बाप विणकर. पण यंत्रमाग आले, नागपुरी लुगडी नेसणाऱ्या बायका एकेक करून गोल साडीकडे वळल्या आणि हातमागावरच्या घरात खाणारी तोंडं जास्त व मजुरी कमी, असं झालं. विदर्भातल्या पुष्कळ कोष्टी घरांची हीच कहाणी आहे. माग थंडावला तेव्हा घरात विकण्याजोगी दुसरी एकच विद्या उरली होती, ती चुलीपाशी बसलेली होती. सावजी नागपूरला नात्यातल्या एका खानावळीत तीन-चार वर्षं भांडी घासणं, मटण कापणं, वाढणं असं सगळं करून आले आणि साधारण १९७८ च्या सुमारास कारध्याला रस्त्यालगत टिनाच्या छपराखाली पाटी न लावता बसले. तेव्हा हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ होता, आता तो ५३ झाला आहे. रायपूर-कलकत्त्याकडे जाणारे ट्रक, एस. टी.चे ड्रायव्हर-कंडक्टर, पुलापलीकडून सायकलवर येणारी कॉलेजची पोरं, हे गिऱ्हाईक.

मी तिथं पहिल्यांदा जेवलो १९८८ साली. भंडाऱ्याच्या शाखेत फील्ड ऑफिसर म्हणून बदली झाली होती. एकोणतीस वर्षांचा होतो, बायको माहेरी बाळंतपणाला, आणि मी लॉजवर. पहिल्या दिवशी पाटोडीचा रस्सा मागवला आणि तिसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं. सावजींनी न विचारता समोर लिंबू, चिरलेला कांदा आणि जास्तीचा भात आणून ठेवला. म्हणाले, “साहेब, रस्सा भातावर घ्या, भात रस्स्यावर नका घेऊ.” आजवर सावजी जेवणाबद्दल जे काही छापून आलेलं वाचलं, त्यात या सूचनेइतकं उपयोगी काही सापडलं नाही.

स्वयंपाकघर मागे होतं आणि ते बाईंचं होतं. बाई म्हणजे सावजींची बायको. लहानखुरी, काळीसावळी, बोलणं जवळजवळ नाहीच. पहाटे त्या मसाला भाजायला बसत. धने, शहाजिरे, लवंग, दालचिनी, मोठे वेलदोडे, दगडफूल, खसखस, सुंठ, जायपत्री. लोक ‘बत्तीस मसाले’ म्हणतात, मी कधी मोजले नाहीत. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण खसखशीला लागते ती आच दगडफुलाला दिली तर ते जळतं. मग पाटा. जवसाचं तेल. रस्सा दाट करायला ज्वारीचं पीठ. सावजी बाहेर गल्ल्यावर बसत, वाढत, हिशेब ठेवत, पण मसाल्याला हात लावत नसत. एकदा बाई आजारी पडल्या तेव्हा तीन दिवस खानावळ बंद होती. शेजारच्या पानठेल्यावाल्यानं विचारलं, “सावजी, तुमालेच तं येते सगळं, काहून बंद ठेवता?” यावर ते म्हणाले, “लोक तिच्या हातचं खायाले येतात. माह्या हातचं देऊन पैसे कसे घेऊ?”

त्याच वर्षी ते कर्जासाठी बँकेत आले. त्या काळाची वाचकांना आठवण करून द्यायला हवी. जनार्दन पुजारींच्या कर्जमेळाव्यांची धूळ नुकती खाली बसली होती. एकात्मिक ग्रामीण विकासाचे म्हशी-बकऱ्यांचे फॉर्म आमच्या टेबलावर चळतीनं पडलेले असत, आणि वसुलीचं नाव काढलं की शाखाधिकाऱ्यांचा रक्तदाब वाढत असे. सावजींना बारा हजार रुपये हवे होते. पक्क्या भिंती, एक हातपंप आणि मोठी भांडी. मी फॉर्म भरायला घेतला. पत्नीचा व्यवसाय या रकान्यात सवयीनं ‘गृहिणी’ लिहिलं. सावजी टेबलावरून वाकून पाहत होते.

“काय लिहिलं जी?”

“गृहिणी. म्हणजे घर पाहतात.”

“घर तं मीबी पाह्यतो. मंग मले काय लिहान?”

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, “दुकान तिचं आहे साहेब. मी वाढपी आहे. कर्ज दोघाच्या नावानं करा.”

आता हे ऐकायला गोड वाटतं. त्या दिवशी मला ती कटकट वाटली. शाखाधिकाऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, बाईंच्या नावावर काही नाही, उगाच दोन सह्या कशाला, द्यायचं तर त्याच्या एकट्याच्या नावानं दे, नाहीतर राहू दे. मी सावजींना तेच सांगितलं. ते ‘बरं’ म्हणाले, नमस्कार केला आणि निघून गेले. पैशाची गरज असलेला माणूस मंजूर होऊ घातलेलं कर्ज ठेवून निघून जातो, हे मी नोकरीत त्यानंतर क्वचितच पाहिलं. चार-पाच महिन्यांनी शाखाधिकारी बदलले आणि मग ते कर्ज दोघांच्या सह्यांनी झालं. क्लार्कनं अंगठ्यासाठी शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं. बाईंनी ते बाजूला केलं आणि सही केली. मिनिटभर लागलं. मागे रांग खोळंबली होती. तेवढे महिने सावजी त्यांच्याकडून जुन्या कॅलेंडरांच्या पाठीवर सही गिरवून घेत होते, हे मला नंतर कळलं.

कर्ज त्यांनी मुदतीच्या आधी फेडलं. १९९० साली दहा हजारांपर्यंतची शेतीकर्जं माफ झाली आणि बँकेसमोर गर्दी उसळली, तेव्हा ते एका संध्याकाळी सहज विचारून गेले, “आपलं त्यात बसत नाही ना जी?” मी म्हटलं, नाही, तुमचं शेतीचं नाही. म्हणाले, “बरं झालं. बसलं असतं तं मन डोललं असतं.”

त्यांना तीन मुली. मुलगा नाही. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला होता, असं पानठेल्यावाला सांगे. सावजींनी काय उत्तर दिलं ते त्यालाही माहीत नव्हतं. एवढंच, की त्यानंतर ते नातेवाईक दोन वर्षं खानावळीत फिरकले नाहीत. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लहान मुलं लाकडी बैल सजवून दारोदार नेतात आणि लोक त्यांना बोजारा देतात, कुणी पैसे, कुणी खाऊ. त्या वेळी गावात हे पोरांचंच काम समजलं जाई. सावजींच्या मुली मात्र बैल घेऊन निघत, तिघी मिळून एकच दोरी धरून. बैल चांगला हातभर उंच आणि वजनदार होता. एका वर्षी माझ्या लॉजच्या दाराशी त्या आल्या, मी दोन रुपये दिले आणि सहज म्हटलं, लाकूड भारी दिसतंय. थोरली म्हणाली, “आज्याचा माग होता ना, त्याचा आहे.” आंधळगावचं घर विकलं तेव्हा भावांनी माग सरपणात काढला. सावजींनी त्यातलं एक लाकूड मागून आणलं होतं आणि सुताराकडून त्याचा बैल करून घेतला होता.

रात्री नऊ वाजता खानावळ बंद होई. रस्त्यावर ट्रकांचा खरा धंदा नऊनंतर सुरू होतो, हे कुठलाही ढाबेवाला सांगेल. पण नऊ ते दहा सावजींचं घर जेवत असे. पाचही जण, त्याच बाकांवर, फळी लावून. एकदा मी उशिरा पोचलो आणि फळीच्या फटीतून दिवा दिसला म्हणून ठोठावलं. सावजींनी फळी काढली, मला आत घेतलं आणि सहावं ताट मांडलं. त्या रात्री मी त्यांचं घरचं जेवण जेवलो. त्यात मसाला नावालाही नव्हता. वरण, भात, आंबाडीची भाजी, नदीतले झिंगे सुके परतलेले. बाई म्हणाल्या, आणि हे मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं सर्वांत लांब वाक्य, “दिवसभर तेच हुंगतो, रात्री पोराइले तरी साधं पाहिजे.”

इथपर्यंत मी जे सांगितलं ते सगळं मला तेव्हाही ठाऊक होतं. ते ठाऊक असताना मी जे केलं ते आता सांगतो.

१९९१ मध्ये माझी बदली झाली. तोवर कथा लिहू लागलो होतो. १९९६ साली माझी दुसरी कादंबरी आली. नदीकाठचं गाव, पुलाजवळची खानावळ, आणि तिचा मालक. कादंबरीला खलनायक हवा होता. मी सावजींची खानावळ जशीच्या तशी उचलली. टिनाचं छप्पर, फळ्या, पाटा, जवसाच्या तेलाचा वास, भातावर रस्सा घेण्याची सूचनासुद्धा. आणि त्या गल्ल्यावर एक माणूस बसवला, जो मागच्या दारानं मोहाची दारू विकतो आणि बायकोला मारतो. चांगल्या माणसाची कादंबरी होत नाही, असा त्या काळी आम्हा लिहिणाऱ्यांचा समज होता. निदान माझा होता. पुस्तक बरं गेलं. परीक्षणांत ‘अस्सल’ हा शब्द दोनदा आला. तो अस्सलपणा कुठून आला होता ते मला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर मला त्याची लाज वाटली नाही. थोडा अभिमानच वाटला.

पुढच्या उन्हाळ्यात गोंदियाला लग्नाला जाताना कारध्याला उतरलो. सावजींनी नेहमीसारखं वाढलं. माझं जेवण झाल्यावर समोर येऊन बसले.

“साहेब, पुस्तक वाचलं जी. मधलीनं वाचून दाखवलं. रोज रात्री जेवण झाल्यावर चार-चार पानं.”

माझा हात ताटातच राहिला.

“सैपाकाचं बराबर उतरलं. पाटोडीचं तं एकदम. दारूचं मातर आपल्याइथं कधी नव्हतं.”

मी घाईघाईनं म्हणालो, अहो ती कादंबरी आहे, तो तुम्ही नाही, कल्पनेतला माणूस आहे. वगैरे. लेखक अशा वेळी जे बोलतात ते सगळं.

“हो जी, म्हाईत आहे,” ते म्हणाले. “पण गावातल्या लोकाइले कोण सांगन?” आणि थोड्या वेळानं, खरोखर कुतूहलानं, “एक विचारू? तो बायकोले मारते, ते काहून? कारण नाही दिलं तुमी कुठं.”

माझ्या लेखनावर पुढे पुष्कळ बरंवाईट लिहिलं गेलं. त्या कादंबरीतलं खरं भोक एवढ्या नेमकेपणानं कुणी दाखवलं नाही. कारण दिलं नव्हतं, कारण मला ते ठाऊकच नव्हतं. मी पाहिलेला माणूस मारणारा नव्हता. त्याच्या जागी बसवलेला माणूस मी कधी पाहिलेला नव्हता, तो इतर कादंबऱ्यांतून आला होता.

बाई त्या दिवशी बाहेर आल्या नाहीत. मी निघताना आतून भांड्यांचा आवाज येत होता.

त्यानंतर मी जात राहिलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही. मुली शिकल्या. थोरली शिक्षिका झाली, मधली परिचारिका, धाकटीनं खानावळ घेतली. बाई २०११ मध्ये गेल्या. त्याआधी धाकटीच्या हातात मसाला आला होता. सावजींनी तीन महिने रोज चव पाहिली, काही बोलले नाहीत, आणि एके दिवशी जेवण करून उठताना म्हणाले, “आता दुकान तुझं.”

महामार्गावर दोन्ही बाजूंनी बीअर बार झाले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २०१७ च्या एप्रिलपासून महामार्गालगतची दारू बंद झाली, तेव्हा आजूबाजूचे कितीतरी जण हवालदिल झाले. सावजींनी मला फोनवर सांगितलं, “आपल्याले काही फरक नाही जी. आपल्याइथं कधी नव्हतं.” तेच वाक्य. वीस वर्षांनी. त्यांनी मुद्दाम वापरलं की सहज आलं, ते मला अजून उलगडलेलं नाही.

गोसीखुर्दच्या धरणानं नदीचं रूप पालटलं. राजीव गांधींनी त्याची पायाभरणी केली ती २२ एप्रिल १९८८ ला, मी भंडाऱ्याला होतो तेव्हाच. पाणी अडलं आणि फुगवटा वर सरकत आला. नागपूरची घाण नाग नदी आणि कन्हान वाहून आणतात, तीही त्यात. ढिवरांच्या बायका पूर्वी टोपलीत मरळ आणि झिंगे घेऊन सकाळीच दारात येत, त्यांचं येणं कमी झालं.

मग २०२० आलं. टाळेबंदीत खानावळ बंद. एप्रिल-मे महिन्यांत याच रस्त्यानं माणसं चालत निघाली, छत्तीसगडकडे, ओडिशाकडे, डोक्यावर गाठोडी आणि कडेवर पोरं. भंडारा धानाचा जिल्हा, घरात तांदूळ होता. सावजी तेव्हा पंच्याहत्तरीच्या पुढे होते. पुलाजवळ झाडाखाली डाळभाताचं भांडं ठेवून बसत. मुलींनी ओरडा केला, वय आहे, रोग आहे. ते तोंडाला गमछा बांधून बसतच राहिले. कधी कुणाला फोटो काढू दिला नाही.

त्याच वर्षी ऑगस्टच्या शेवटी पूर आला. मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस, शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी सुटलं, गोसीखुर्दचे सगळे तेहतीस दरवाजे उघडावे लागले. २४५.५० हा माझा आकडा कुठल्याकुठे बुडाला. मी रात्रभर फोन लावत होतो, लागत नव्हता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरलीचा आवाज ऐकला. माणसं शाळेत सुखरूप होती. खानावळीत गळ्याएवढं पाणी होतं. पाणी ओसरल्यावर वीतभर गाळ. भांडी मिळाली, पाटा मिळाला, फळ्या गेल्या. लाकडी बैल छपराच्या पत्र्याखाली अडकून राहिला होता. सावजींनी तो स्वतः धुतला आणि आठ दिवस सावलीत वाळवला, उन्हात तडकला असता म्हणून.

परवा मी कारध्याला जाऊन आलो. खानावळ नव्या भिंतींत चालू आहे. गल्ल्यावर थोरलीचा नवरा, आत धाकटी. बैल गल्ल्याशेजारी उभा आहे, एक कान तुटलेला. मी पाटोडी मागवली, रस्सा भातावर घेतला. नऊला फळ्या लागल्या, म्हणजे आता शटर खाली आलं, आणि त्यांनी मला जेवणाऱ्यांत बसवून घेतलं, जेवलो होतो तरी. पाठीमागच्या भिंतीवर सावजी आणि बाईंचा एकच फोटो आहे, तहसील कार्यालयाच्या कामासाठी काढलेला असावा. दोघंही घाबरलेले दिसतात.

मी मधलीला म्हणालो, “त्या पुस्तकाचं मी चुकलो.” हे वाक्य मी सत्तावीस वर्षं उशिरा म्हणत होतो, आणि ज्याला म्हणायचं तो तिथं नव्हता.

ती म्हणाली, “बाबा पुस्तक फेकत नव्हते जी. कपाटात होतं. पुरात गेलं. तुमच्यापाशी दुसरी प्रत असन तं पाठवा.”

मी म्हटलं, ते नको, दुसरं पाठवतो, नवीन आहे.

“नाही, तेच पाठवा. जिथं जिथं दारूचं अन् मारायचं होतं, तिथं त्यायनं मले पेन्सिलीनं रेघ मारायले लावली होती. कोणत्या कोणत्या पानावर ते मले पाठ आहे. मी पुन्हा मारून घेतो.”

कादंबरी आता बाजारात नाही. माझ्याकडे दोनच प्रती उरल्या होत्या. त्यातली एक कालच कागदात बांधली आहे. उद्या सोमवार, पोस्ट उघडलं की रवाना करीन.